दोन पाडवे तमाशाविना



पाडवा झाला की आपल्या भागात यात्रांचे दिवस सुरू होतात. आज या गावचा भैरवनाथ, उद्या त्या गावचा खंडोबा, परवा कुठे मुक्ताई. पाव्हणेरावळे येतात, पालखी निघते, दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत यातलं काही झालं नाही. देवाला पुजाऱ्याने एकट्याने पाणी घातलं आणि आपण घरूनच हात जोडले. पुरणपोळी मात्र झाली, तिच्यावर काही निर्बंध नव्हते. पण हलगी वाजली नाही.

आज आम्ही तमाशाबद्दल बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, गटाच्या बायकांना तमाशाचं काय? आमच्या गटांच्या बैठका त्या काळात अंतर राखून, मास्क लावून व्हायच्या. हप्ते झाले, सह्या झाल्या की घरी. पण यात्रेचा विषय निघाला की बाया उठायचं नाव घेत नाहीत, असं आम्ही सगळ्याच गावांत पाहिलं. कुठल्या साली कुठला फड आला होता, मावशीचं काम कोणी केलं, पाऊस कधी आला, सगळं पाठ. बाई तमाशा बघत नाही असं आपण म्हणतो, आणि आठवतो तर सगळ्यात जास्त तिलाच. म्हणून वाटलं, हा कार्यक्रम चालतो कसा, त्याच्या मागे कोण असतं आणि तो थांबला म्हणजे कोणाचं काय थांबलं, ते एकदा नीट सांगावं.

पाडव्यापासूनच सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावर जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे तात्पुरतं ऑफिसच. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत मालक नाहीतर मॅनेजर वही घेऊन बसलेला. गावोगावचे यात्रा कमिटीवाले जीप करून येतात, चार राहुट्यांत चहा पितात, भाव करतात, यात्रेची तारीख धरतात आणि विसार देतात. याला सुपारी देणं म्हणतात. एका तारखेला पाच गावं मागे लागली की भाव चढतो, आपल्या कांद्यासारखंच. मोठ्या फडाची सुपारी लाखाच्या पुढे जाते. ती आपल्याच लोकवर्गणीतून भरली जाते, म्हणजे घरटी जी पावती फाडतात ना, तीच.

आता तारखा बघा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच संध्याकाळी राज्यात नवे निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून लागू झाले. मधे नोव्हेंबर २०२० मध्ये शहरातली नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती, पण यात्रेतल्या तमाशाला खुर्च्या कुठल्या? अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवता येतात, अर्धं गाव कसं रिकामं ठेवणार!

तर आमच्या गटांतल्या आठवणी. सत्तरीच्या पुढच्या एक आजी आहेत. त्यांच्या उमेदीत सुनेने तमाशाला जायचं नाव काढायची सोय नव्हती. तमाशा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात. पुरुष पुढे, पोरं त्यांच्या मांडीवर. या माळवदावर गोधडी टाकून पडायच्या आणि तिथून ऐकायच्या. आधी ढोलकी-हलगीची सलामी, मग गण, म्हणजे गणपतीचं आवाहन. मग गवळण. गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, त्यांची म्होरकी मावशी, वाटेत कृष्ण आणि त्याचा पेंद्या आडवे येतात. मावशी हा लुगडं नेसलेला पुरुष असतो. तिचं आणि कृष्णाचं जे बोलणं चालतं ते दर गावात वेगळं. सरपंचाचं नाव घेईल, गावच्या पाणीपुरवठ्याची टर उडवील. मग बतावणी, मग लावण्या, आणि शेवटी वग, जो पहाटेपर्यंत चालायचा. आजी म्हणाल्या, “मी गवळण डोळ्यांनी कधी पाहिली नाही, पण मावशीचा आवाज ऐकून फड कुठला ते सांगायचे.” त्या माळवदावर एकट्या नव्हत्या. वाड्यावाड्यांवर बाया जाग्या असायच्या आणि मावशीने टोला हाणला की सगळ्या माळवदांवरून हसू यायचं, दबकं.

पण बाईच्या वाट्याचा खरा तमाशा म्हणजे हजेरी. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे फड हजेरी देतो. उजेडात, देवासमोर, त्यामुळे बायांना यायला हरकत नसते. रात्रीचा सगळा थाट तिथे नसतो. कलावंतांच्या डोळ्यांत झोप असते, चेहऱ्यावरची रंगरंगोटी उतरलेली असते. आमच्यातल्या एका ताईंना त्यातलं सगळ्यात काय आठवतं, तर हलगी शेकणं. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज बसतो. मग चिपाडं पेटवून त्या जाळावर ती धरतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा धरतात. टणटणीत बोलायला लागली की सुरुवात. ताई लहानपणी चिपाडं गोळा करून द्यायच्या, त्या बदल्यात पहिल्या रांगेत बसायला मिळायचं. आणि एकदा त्यांनी पाहिलं, रात्री जी बाई लखलखत नाचली तीच ट्रकच्या सावलीत बसून लेकराला पाजत होती आणि यांच्या आईकडे तिने ताक मागितलं. आईने तांब्याभर दिलं. एवढीच आठवण. पण सांगताना ताईंचा आवाज बदलतो.

तिसरी आठवण अलीकडची. १९९० च्या दशकापासून लावणीचे कार्यक्रम थिएटरांत व्हायला लागले, अकलूजच्या लावणी स्पर्धेसारख्या ठिकाणी घरंदाज बाया उघडपणे जाऊन बसू लागल्या. पुढे ‘फक्त महिलांसाठी’ असे खेळ निघाले. आमच्या दोन गटांनी एका महिला दिनाला तालुक्याच्या गावी असा खेळ पाहिला, एसटीने जाऊन. टाळकुटी भजनात बसणाऱ्या एक काकू, ज्यांच्या तोंडून कधी मोठा शब्द आम्ही ऐकला नव्हता, त्यांनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की स्टेजवरची बाई थांबून मुजरा करून गेली. काकू आजही त्या मुजऱ्याबद्दल बोलतात, शिट्टीबद्दल बोलत नाहीत.

आता एक प्रश्न प्रत्येक बैठकीत आला. तरुण मुली म्हणाल्या, मोबाईलवर सगळ्या लावण्या आहेत, मग अडलं काय? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर नुसतं ‘ती मजा नाही’ असं देऊन भागत नाही.

बैठकीची लावणी घ्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर त्यातल्या फार मोठ्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. या लावणीत गाणारी बसून गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. दर वेळी अदा वेगळी. एकदा रुसून, एकदा लाडाने, एकदा टोमणा मारून. कुठली अदा किती वेळ धरायची हे समोरच्या माणसांकडे बघून ठरतं. समोरचा कळता निघाला तर ओळ लांबते, जांभई देणारा निघाला तर पुढे सरकते. मोबाईल आपल्याकडे बघत नाही. तुम्ही रडा नाहीतर भाकरी थापा, तो तेच वाजवणार. मावशीचंही तसंच. आपल्या गावच्या सरपंचाची टिंगल ती आपल्याच गावात करणार, एकदाच, आणि ती आपल्याच हशाने पुरी होणार. म्हणजे तमाशात अर्धं काम बघणाऱ्याचं असतं. मुलींच्या मोबाईलला आमचा विरोध नाही. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या आपण रेडिओवरच ऐकल्या आणि त्या आपल्या झाल्या. पण ते एक आणि हे दुसरं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती आपल्याला जास्त कळेल, कारण आपण रोज व्याज-हप्त्यात असतो.

मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, वगातले नट, शिवाय तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाकी. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. पावसाळ्यात सगळं बंद. त्या बंद दिवसांत मालक पुढच्या हंगामाची माणसं ठरवतो आणि त्यांना उचल देतो. आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम कोयत्याला उचल देतो ना, अगदी तशी. त्या पैशावर कलावंताचं घर पावसाळा काढतं, मुलांची फी भरते, एखादं लग्न होतं. मग हंगामभर काम करून उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच फडाशी बांधलेलं राहायचं.

मालकाकडे तरी एवढी रक्कम कुठली? तो सावकाराकडून काढतो. समजा १० लाख काढले, शेकडा तीनने. महिन्याचं व्याज ३०,००० झालं. वर्षाचं ३ लाख ६० हजार. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड तिकिटावर तंबू लावतो, त्यात रोजचा खर्च निघतो, फार तर थोडं वर. खरी कमाई पाडव्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत, यात्रांच्या सुपाऱ्यांची. बरोबर तेच दिवस दोन वेळा गेले. म्हणजे २०१९ च्या पावसाळ्यात काढलेल्या त्या १० लाखांवर २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत नुसतं व्याज ७ लाखांच्या पुढे गेलं. मुद्दल जागेवर. आपल्या गटात शेकडा दोनने दिलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकले तर आपण किती अस्वस्थ होतो, ते आठवा.

संगीत बारीची तऱ्हा निराळी. बारी म्हणजे बायांची छोटी पार्टी. मालकीण बाईच असते, सोबत नाचणाऱ्या-गाणाऱ्या, आणि पेटी, तबला, ढोलकी. चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणच्या कला केंद्रांत त्यांचं बिऱ्हाड आणि काम एकाच जागी. रोज बैठक झाली तर रोज पैसे, ते मालकीण, नाचणाऱ्या आणि वाजवणाऱ्यांत वाटले जातात. तिथे दारं बंद झाली त्या दिवसापासून रोजचं चूल पेटणं बंद झालं. आणि यातल्या बऱ्याच बायांच्या घरी कमावती एकटी तीच असते. भाऊ, भाचरं, म्हातारे आईबाप, सगळे तिच्या घुंगरांवर. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे नव्याने सांगायला नको. त्यांची आई तमाशात नाचायची.

म्हणून तमाशाची आठवण नुसती गोड करून सांगायला आमचं मन तयार होत नाही. ज्या गावाने रात्री फेटे उडवले त्याच गावाने सकाळी त्या बाईला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, हेही आजींच्या आठवणीत आहेच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर केवढं नाव! दिवस भरलेल्या असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. लोक हे कौतुकाने सांगतात. आम्हाला ते ऐकताना दर वेळी वाटतं, एखाद्याने खेळ थांबवायला हवा होता. २००२ साली त्या गेल्या, शेवटचे दिवस हलाखीचे होते. त्यांच्या नावाने आता राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं.

आणि २५ मे २०२१ ला कांताबाई सातारकर संगमनेरला गेल्या. आपल्यातल्या कित्येकींनी त्यांचा फड पाहिला आहे. त्यांनी बाईची कामं केली तशी पुरुषांचीही केली, शिवाजी महाराजही उभे केले. मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह त्यांनी फड पुढे चालवला. एरवी अशा बाईच्या अंत्ययात्रेला गावं लोटली असती. त्या दिवसांत तेही झालं नाही.

नावं झाली त्यांचं एवढं तरी आपल्याला कळतं. पण गवळणीत चौथी उभी राहणारी बाई? हंगाम थांबल्यावर ती कुठे गेली? कोणी शेतावर खुरपायला, कोणी भाजी विकायला, कोणी भांडी घासायला. आमच्या एका गटाच्या शेजारच्या वस्तीवर अशा दोघी आहेत, पंचावन्न-साठीच्या. त्यांच्याकडून आम्हाला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगायची आहे.

२०२१ साली राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना होती. वय ५० च्या पुढे, कलेत किमान १५ वर्षं घालवलेली, आणि वर्षाचं उत्पन्न ४८,००० रुपयांच्या आत, अशा कलावंताला तेव्हा दरमहा मानधन मिळायचं. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन दर्जे होते, जिल्हा पातळीवरच्या कलावंताला तेव्हा महिन्याला २,२५० रुपये. पन्नाशीच्या बाईला वृद्ध म्हटलेलं तुम्हाला खटकेल, पण किलोकिलोचे घुंगरू बांधून तीस वर्षं नाचलेल्या गुडघ्यांना विचारा. अर्ज तेव्हा पंचायत समितीत द्यायचा असायचा. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, हे आपल्याला सवयीचं आहे, त्यात आपण मदत करू शकतो. अडतं पुढे. कलेचा पुरावा लागतो.

या दोघींकडे पुरावा नाही. हँडबिलावर मालकाचं नाव, फार तर दोन मोठ्या कलावंतांची नावं. पगाराची पावती कधी कोणी दिली नाही. फडाचा मालक वारला, फड मोडला, वह्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक. तीस वर्षं हजारो माणसांसमोर उभी राहिलेली बाई, आणि ती उभी होती हे कागदावर कुठेच नाही.

पण बघणारे होते ना! बैठकीत आम्ही सहज विचारलं, कोणाकडे जुनी हँडबिलं, फोटो आहेत का? तर निघायला लागले. देवघराच्या फळीवर कागद म्हणून अंथरलेलं हँडबिल. यात्रा कमिटीची १९९४ ची वही, तिच्यात सुपारीची रक्कम, फडाचं नाव आणि जेवणाच्या माणसांचा आकडा. एका घरी तर कमिटीने सत्कार केला त्याचा फोटो, त्यात मागच्या रांगेत या दोघींपैकी एक स्पष्ट दिसते. ते सगळं झेरॉक्स करून, ग्रामपंचायतीचा दाखला आणि ज्या गावांत त्या नाचल्या तिथल्या जुन्या माणसांची लेखी निवेदनं जोडून अर्ज तयार केले आहेत. मंजूर करणं समितीच्या हातात आहे. आम्ही पंचायत समितीत चकरा मारतो आहोत. पहिल्या खेपेला “तमाशातल्या का?” असं विचारून तिथे एक जण हसला. आमच्यासोबतच्या आजींनी त्याला विचारलं, “तुझ्या गावची यात्रा कधी असते रे बाबा?” मग अर्ज घेतला.

तुमच्याही पेट्यांत, फळ्यांवर, सासूबाईंच्या गाठोड्यात असं काही असेल. फाटलं असलं तरी टाकू नका. मागे साल आणि गाव लिहून ठेवा, आणि कोण कुठल्या साली कशात होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत उतरवा. म्हातारी माणसं त्या दोन वर्षांत भराभर गेली, हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे जमलेल्यांत एक फोटो असा आहे की त्याचं काय करावं ते कळत नाही. हजेरीच्या सकाळचा आहे. देवळाच्या पायरीवर गावची एक नवी सून उभी आहे, ती आज आमच्या गटाची अध्यक्ष. शेजारी हिरव्या नऊवारीतली नाचणारी बाई, दोघींच्या हातात एकच पेढ्याचा पुडा. मागे फक्त ‘चैत्र, १९९२’ असं लिहिलं आहे. अध्यक्षताईंना पेढा आठवतो, लुगड्याचा रंग आठवतो, नाव आठवत नाही. त्या बाईच्या उजव्या मनगटावर मोराचं गोंदण आहे. कोणाला ओळख पटत असेल तर आपल्या गटाच्या ताईंकडे निरोप द्या.